ऐन श्रावणात कडकडीत ऊन : उघडीप ओळखायची कशी, नोंदवायची कशी

गुहागर तालुक्यातल्या एका बागायतदार तरुणाने विचारलं आहे : "२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे दिवसचे दिवस ऊन होतं. मोबाइलवरचं अ‍ॅप मात्र रोज पावसाचा ढग दाखवत होतं. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, असा ऑगस्ट आम्ही पाहिला नाही. ते खरंच इतकं वेगळं होतं का? का झालं? आणि पुन्हा असं झालं तर घरच्या घरी त्याची नोंद ठेवता येईल का?"

मी किनाऱ्यावरच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी केली. पर्जन्यमापक, तापमापक आणि ढग ह्यांच्यातच आयुष्य गेलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

वेगळं होतं का? हो, होतं. देशभराचा विचार केला तर १९०१ पासूनचा तो सगळ्यांत कोरडा ऑगस्ट. सरासरी २५४.९ मिलिमीटर अपेक्षित असताना १६२.७ मिलिमीटरच पाऊस झाला, म्हणजे ३६ टक्के तूट. गंमत अशी की त्याआधीचा जुलै सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त होता आणि नंतरचा सप्टेंबरही साधारण तेवढाच जास्त. त्यामुळे पूर्ण हंगामाचा हिशेब ९४ टक्क्यांवर जाऊन बसला. कुणी फक्त हंगामाचा आकडा पाहिला तर त्याला ऑगस्टमधलं भगदाड दिसणारच नाही, आणि ते भगदाड नेमकं भात फुटव्यावर असताना पडलं होतं.

पण हा झाला देशाचा आकडा. तुमच्या गावातला ऑगस्ट किती कोरडा होता, हे त्यावरून सांगता येत नाही. कोकणात ऑगस्टची सरासरीच एवढी मोठी आहे की निम्मा पाऊस झाला तरी तो मराठवाड्याच्या महिन्याच्या सरासरीच्या वर जातो. त्या महिन्यात मराठवाड्यात आणि मध्य महाराष्ट्रात पिकं माना टाकत होती; कोकणात पावसाने दडी मारली असली तरी मधूनच एखादी सर येऊन अंगण ओलं करून जात होती. दोन्हीकडे "पाऊस नाही" हेच शब्द वापरले गेले, पण त्यांचा अर्थ एक नव्हता.

म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र माणसाची आठवण पावसाच्या बाबतीत एका बाजूला कललेली असते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईत नसलेल्या माणसालाही पाठ आहे. पण २००२ च्या जुलैत देशभरात सरासरीच्या निम्माही पाऊस झाला नव्हता, हे किती जणांना आठवतं? पूर दारात येतो, म्हणून लक्षात राहतो. उघडीप एकेक दिवसाने वाढत जाते आणि पाऊस परतला की विसरली जाते. ती फक्त वहीत सापडते, तेही कुणी कोरड्या दिवशी वही उघडली असेल तरच. माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ इथेच आहे, म्हणून नोंदींबद्दल खाली जास्त लिहिलं आहे.

आधी कारण. पावसाळ्यात राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा असतो, त्याला मॉन्सूनचा आस म्हणतात. हा आस आपल्या नेहमीच्या जागेवर असला की अरबी समुद्रावरून जोरकस पश्चिमेचा वारा कोकणात घुसतो, सह्याद्रीवर चढतो आणि पाऊस टाकतो. सोबत गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला समांतर असा कमी दाबाचा आणखी एक पट्टा असतो, तो ढगांना किनाऱ्याजवळ धरून ठेवतो. आस उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याला जाऊन टेकला की सगळं चित्र उलटतं. पायथ्याशी धो धो पाऊस पडतो, ईशान्येकडे पडतो, तमिळनाडूतही गडगडाटी पाऊस वाढतो, आणि आपल्याकडे खंड पडतो. २०२३ मध्ये हेच झालं. ऑगस्टच्या मध्यावर हिमाचलात दरडी कोसळत होत्या, शिमल्यात माणसं दगावली आणि त्याच दिवसांत तुमच्या अंगणात लख्ख ऊन होतं. ह्या दोन बातम्या वेगळ्या नाहीत, एकाच घडामोडीची ती दोन टोकं आहेत.

खंड दर वर्षी कमी-अधिक पडतोच. तो मॉन्सूनचाच भाग आहे, मॉन्सून संपल्याची खूण नव्हे. २०२३ मध्ये तो लांबला, कारण प्रशांत महासागरात एल निनो, म्हणजे विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं, जोर धरत होता आणि विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे सरकत जाणारी ढगांची जी मोठी लाट आपल्याकडच्या पावसाला अधूनमधून बळ देते, ती त्या आठवड्यांत अनुकूल जागी नव्हती. पश्चिमेचा वारा मंदावला. वारा मंदावला की बाष्प असूनही उपयोग होत नाही. घाटावर चढायला लागणारा रेटाच मिळत नाही. त्यात वरच्या थरात कोरडी हवा शिरली की ढग थोडे फुगतात आणि तिथेच विरून जातात.

ऊन इतकं का टोचलं, हेही अनेक जण विचारतात. ह्याचं उत्तर ढगांच्या वर आहे. कोकणात सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. तुमच्या अक्षांशावर पहिल्यांदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर दुपारचा सूर्य मेच्या सुरुवातीइतकाच उंच असतो. एरवी तो ढगांआड असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय जुलैच्या पावसाने हवा धुऊन निघालेली असते, मेमध्ये असते ती धूळ आणि धुरकटपणा नसतो. त्यामुळे तापमापक ३१-३२ अंश दाखवत असतो, मेपेक्षा कमी, पण अंगाची काहिली होते. जमीन ओली, समुद्र उबदार, वारा पडलेला. घाम वाळत नाही. त्या महिन्यात शेतात बेणणी, म्हणजे तण काढायचं काम, करणाऱ्या बायकांना चक्कर आल्याच्या गोष्टी आमच्याकडेही ऐकायला मिळत होत्या. तापमानाच्या आकड्यावर विसंबून "एवढं काही ऊन नाही" असं कुणी म्हणू नये.

आता डोळ्यांनी काय पाहायचं. भर पावसाळ्यात खालचे राखाडी ढग नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून घाईने पळत असतात. खंड पडायला लागला की पहिल्यांदा त्यांचा वेग कमी होतो, मग ते वायव्येकडून येऊ लागतात आणि त्यांच्या मधल्या फटी रुंदावतात. पहाटे वारा पूर्ण पडतो. कधी जमिनीकडून मतलईची मंद झुळूक लागते, जी ऐन मॉन्सूनमध्ये जवळजवळ नसतेच. गवतावर दव दिसतं. दहा-अकराच्या सुमाराला जमिनीवर कापसासारखे पांढरे ढग उगवतात, समुद्रावरचं आकाश मात्र मोकळं राहतं. दुपारनंतर पूर्वेला, सह्याद्रीच्या पलीकडे, फुलकोबीसारखे उंच ढग दिसले तर समजावं की देशावर कुठेतरी गडगडाट चालू आहे.

एक गोष्ट मात्र मुद्दाम पाहा, ती उघडिपीतच दिसते. खूप उंचावर पिसांसारखे पांढरे ढग असतात. ते पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे खालच्या ढगांच्या बरोबर उलट दिशेने जात असतात. पावसाळ्यात चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेचा प्रचंड वेगवान वारा वाहतो, त्याची ही खूण. एरवी खालचं छत इतकं दाट असतं की हा वारा आपल्याला कधी दिसत नाही. नारळाच्या झावळीचं टोक किंवा विजेचा खांब संदर्भाला धरा आणि पाच मिनिटं एका जागी उभे राहा. दोन थर एकमेकांना ओलांडताना स्पष्ट दिसतात. नवीन मुलांना निरीक्षण शिकवताना मी हेच आधी दाखवत असे, कारण हे एकदा पाहिलं की आकाश म्हणजे सपाट पडदा नाही हे सांगावं लागत नाही.

अ‍ॅप का चुकलं? बहुतेक अ‍ॅप जागतिक मॉडेलचे आकडे जसेच्या तसे दाखवतात. त्या मॉडेलमध्ये जमीन चौकटींत वाटलेली असते आणि एकेक चौकट दहा ते पंचवीस किलोमीटरची. समुद्रापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत आपलं कोकण साधारण पन्नास-साठ किलोमीटर रुंद. म्हणजे किनारा, कातळाचा सडा, खलाटी (सखल भातजमीन) आणि घाट हे सगळं दोन ते सहा चौकटींत कोंबलेलं. घाटावर भुरभुर होणार असेल तर चौकटीला पाऊस लागतो आणि ढगाचं चित्र तुमच्या गावाच्या नावासमोर उमटतं. शिवाय अ‍ॅपला ०.५ मिलिमीटरही पाऊसच असतो. हवामान विभागाच्या व्याख्येत मात्र २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो "पावसाचा दिवस". अर्धा मिलिमीटर म्हणजे ओटीवरची फरशीसुद्धा नीट भिजत नाही. रडारवरही सगळं दिसत नाही. मुंबईच्या किंवा गोव्याच्या रडारचा किरण दीडशे किलोमीटरवर पोचेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर उंच गेलेला असतो आणि आपल्याकडच्या पावसाळी सरींचे ढग पुष्कळदा बुटके असतात. किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून अ‍ॅपमधलं ढगाचं चित्र पाहण्यापेक्षा हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज आणि उपग्रहाचं चित्र बघा, आणि त्यासोबत तुमची वही.

वहीची सुरुवात पर्जन्यमापकापासून करा. विकतचा मिळाला तर उत्तम. नाही तर १६ सेंटीमीटर व्यासाचं, काठ सरळ असलेलं नरसाळं घ्या आणि ते एका मोठ्या बाटलीवर घट्ट बसवा. ह्या नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस सेंटीमीटर भरतं, त्यामुळे बाटलीतलं २० मिलिलीटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या दुकानातल्या मापाने मोजता येतं. कोकणातल्या पावसाला एक-दोन लिटरची बाटली पुरत नाही; २०० मिलिमीटरच्या दिवशी चार लिटर पाणी जमेल, तेव्हा पाच लिटरचा कॅन घ्या. तोंडाचा काठ जमिनीपासून थोडा वर हवा, म्हणजे चिखलाचे शिंतोडे आत जात नाहीत. जवळचं झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. माडाखाली किंवा पागोळीजवळ ठेवलेला मापक पाऊस मोजत नाही, झावळीचं आणि कौलांचं पाणी मोजतो.

मोजायची वेळ सकाळी साडेआठ. देशभर हीच वेळ आहे आणि मागच्या २४ तासांचा पाऊस मोजणीच्या तारखेला लिहितात. म्हणजे १४ ऑगस्टच्या दुपारी पडलेली सर १५ ऑगस्टच्या रकान्यात जाते. हे नीट पाळलं नाही तर तुमचे आकडे शेजारच्या केंद्राशी कधीच जुळणार नाहीत आणि तुम्ही उगीच मापकाला दोष देत बसाल.

आता महत्त्वाचं. पाऊस नसेल त्या दिवशी ०.० असं लिहा. रकाना कोरा ठेवू नका. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि पाऊस नव्हता. कोरा रकाना म्हणजे पाहिलंच नाही. दोन वर्षांनी तुम्हीच वही उघडाल तेव्हा ह्यातला फरक सांगायला दुसरं कुणी नसेल. जमीन ओलावली पण मोजण्याइतकं पाणी नाही, असं असेल तर "थेंब" लिहा. उघडिपीचा हिशेब ह्या शून्यांवरच होतो : सलग किती दिवस २.५ च्या खाली, त्यांत पूर्ण कोरडे किती आणि थेंबांचे किती. २०२३ च्या ऑगस्टबद्दल गावागावांत वाद झाले ते ह्याचसाठी, की पावसाचे आकडे होते पण कोरड्या दिवसांची खात्री नव्हती.

शून्य खरं आहे का, हेही तपासावं लागतं. कोरड्या दिवसांत नरसाळ्याच्या तळाला कोळी जाळं विणतो, मुंग्या माती आणतात, सुकलेलं पान अडकतं. मग पहिली सर आली की पाणी वर तुंबतं, उन्हात उडून जातं आणि बाटली कोरडी. स्वयंचलित हवामान केंद्रातही हेच होतं. तिथे पाण्याने भरून उलटणारी छोटी वाटी असते, तिच्यावरची चाळणी तुंबली की यंत्र तक्रार करत नाही, शांतपणे शून्य पाठवत राहतं. आंबा-काजूच्या हवामानावर आधारित विम्याचा हिशेब महसूल मंडळातल्या अशा केंद्रावरून होतो, त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही. तुमची स्वतःची रोजची वही असेल तर निदान "त्या दिवशी आमच्याकडे पाऊस होता" हे तारखेनिशी मांडता येतं. म्हणून कोरड्या दिवशीही नरसाळं उचलून आत बघा आणि पुसून ठेवा.

उन्हाची नोंद कशी करायची, हे सहसा कुणी विचारत नाही, तुम्ही विचारलंत ह्याचा आनंद वाटला. वेधशाळेत ह्यासाठी पूर्वापार काचेचा भरीव गोळा वापरतात, मोठ्या मोसंब्याएवढा. तो धातूच्या अर्धवर्तुळाकार बैठकीत बसवलेला असतो आणि मागच्या खाचेत तासांच्या रेघा छापलेली जाड कागदाची पट्टी सरकवतात. सूर्य फिरतो तसा गोळ्यातून एकवटलेला किरण पट्टी जाळत पुढे जातो. निरभ्र दिवशी करपलेली सलग रेघ मिळते; पांढरे ढग ये-जा करत असतील तर तुटक ठिपके; भर पावसाळ्यात पट्टी आठवडाभर कोरीच्या कोरी निघते. ऋतूप्रमाणे पट्टीचा आकार बदलावा लागतो : ऑगस्टअखेरपर्यंत लांब वाकडी पट्टी, सप्टेंबर लागला की सरळ. संध्याकाळी पट्टी काढली की जळक्या कागदाचा वास बोटांना राहतो. किनाऱ्यावर ह्या गोळ्याचे शत्रू दोन, पहाटेचं दव आणि मीठ. दव पुसलं नाही तर रेघ उशिरा सुरू होते. खाऱ्या हवेचा पातळ थर रोज साचतो, तो साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावा लागतो.

घरी गोळा नसला तरी अडत नाही. साडेआठ, साडेअकरा, अडीच आणि साडेपाच ह्या चार वेळांना अंगणात उभे राहा आणि आपल्या सावलीची कड पाहा. कड ठसठशीत असेल तर "ऊन", पुसट असेल तर "पातळ ऊन", सावलीच नसेल तर "नाही". सोबत आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करा आणि त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहा. एवढ्या नोंदीतून खंड कधी सुरू झाला, कधी मोडला हे चांगलं कळतं.

तापमापक ठेवताना एक चूक सर्रास होते. पुस्तकात लिहिलेलं असतं की उत्तरेकडच्या सावलीत ठेवा. कोकणात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या दिवसांपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेची भिंतही तापते. चारी बाजूंनी हवा खेळेल अशा छपराखाली, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून लांब टांगा. हवेचा दमटपणा मोजायला ओल्या फुग्याचा (ओली चिंधी गुंडाळलेला) तापमापक वापरणार असाल तर त्याची मलमलीची चिंधी वरचेवर बदला. मीठ बसलं की पाणी नीट उडत नाही आणि हवा आहे त्याहून दमट दिसते.

फोनमधला हवेचा दाब बघणाऱ्यांना एकच सांगणं. आपल्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक तीन-चार मिलिबारचा. दुपारी दाब पडला म्हणजे वादळ येतंय असं नाही. आजच्या चारच्या आकड्याची तुलना कालच्या चारच्या आकड्याशी करा.

समुद्राबद्दल थोडं सांगतो, कारण ह्यात जीव जातात. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. पुढे अशी उघडीप मिळाली की पाणी शांत दिसतं आणि छोट्या होड्याही बाहेर पडतात, पर्यटक पाण्यात उतरतात. ऊन आणि शांत समुद्र ह्यांचा संबंध वाटतो तेवढा पक्का नाही. हजारो किलोमीटर दूरच्या वादळी वाऱ्याने उठवलेल्या लांब लाटा निरभ्र दिवशीही किनाऱ्याला येऊन आपटतात. दोन लाटांमधलं अंतर वाढलेलं दिसलं, लाट मोजकी पण जड येत असेल, तर आत जाऊ नये. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटांचा अंदाज रोज देते, तो पाहायची सवय लावून घ्या.

राहिला शेवटचा भाग, पाऊस परतणार हे कधी कळतं. २०२३ मध्ये सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, आस खाली आला आणि पाऊस परतला. हा क्रम नेहमीचा आहे. उपसागरातली बातमी आली की साधारण दोन-तीन दिवसांत आपल्याकडचा पश्चिमेचा वारा उठतो. पहाटेची मतलई बंद होते, दव पडत नाही, दिवसभर एकाच दिशेचा वारा लागतो, खालचे ढग पुन्हा नैर्ऋत्येकडून पळायला लागतात, आणि क्षितिजावरची समुद्राची रेघ धूसर होते. ह्यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मगच युरियाचा हप्ता द्या. पाणी नसलेल्या खाचरात टाकलेलं खत बरंचसं वाया जातं. सड्यावरची नाचणी आणि वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीतलं भात आधी सुकतं, खलाटीतलं तग धरतं. तेव्हा बांध फुटले असतील तर उघडिपीच्या पहिल्याच दिवसांत लिंपून घ्या, आहे ते पाणी खाचरात राहील.